तीन नंबरची पत्ती

आमच्या गावच्या बँडमध्ये माणसाची किंमत त्याच्या पत्तीच्या नंबरावरून ठरायची. पत्ती म्हणजे सॅक्सोफोनच्या तोंडाला बांधतात ती बोरूच्या जातीच्या काडीची चपटी पट्टी. दुकानात तिला रीड म्हणतात. ती ओठावर धरून फुंकलं की थरथरते आणि त्या थरथरीचा सूर होतो. ती नसेल तर एवढा मोठा सॅक्सोफोन म्हणजे पितळी नळाचं वेटोळं. पत्तीच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. दोन, अडीच, तीन. नंबर मोठा म्हणजे पत्ती कडक, आणि कडक म्हणजे फुंकायला दम जास्त. त्या नंबराचा अर्थ एवढाच. चपलेला नंबर असतो तसा तो. नऊ नंबरची चप्पल घालणारा सहा नंबरवाल्यापेक्षा शहाणा, असं कोणी म्हणत नाही. आमचा बँड म्हणायचा.

सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांपैकी तीन नंबरवाले पुढच्या रांगेत उभे राहायचे. अडीचवाले मधल्या. दोनवाले सगळ्यांत मागे, ड्रमच्या शेजारी. तिथे वाजवलं काय आणि नाही काय, शेजारच्यालासुद्धा कळायचं नाही. वर चढायला मास्तरांची परवानगी लागायची. खाली उतरायला परवानगी लागत नसे, पण रीत होती. तालमीच्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि तोंडानं म्हणायचं, ‘मी उतरलो.’ मग बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. ह्या टाळ्या कोणी काढल्या देव जाणे, पण ज्यानं काढल्या त्याला माणसाला मारायचं कसं हे नीट ठाऊक होतं. माझ्या आठवणीत एकच म्हातारा क्लॅरिनेटवाला असा उभा राहिला. टाळ्या संपल्यावर मागून कोणीतरी म्हणालं, आता पिपाणी घे. तो हसला, क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं आणि पुन्हा तालमीला आला नाही. बाकीचे उतरण्याऐवजी बँड सोडायचे. डॉक्टरनं फुंकायला मनाई केली म्हणायचे. आमच्या गावात डॉक्टरांच्या नावावर जेवढ्या मनाया खपल्या तेवढ्या डॉक्टरांनी आयुष्यात केल्या नसतील.

माझे बाबा तीन नंबरवाले. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात ते लेथवर होते, पण गावात त्यांना लेथवाला म्हणून कोणी ओळखत नव्हतं. लग्न असो, सण असो, पुढच्या रांगेत मास्तरांच्या उजव्या हाताला बाबा उभे. मास्तर म्हणजे बँडचे मुख्य. ट्रम्पेट वाजवायचे आणि बाबांचे शाळेपासूनचे सोबती होते. एकमेकांचं बरं झालेलं त्यांना शाळेपासूनच बघवत नसे. ती उजव्या हाताची जागा म्हणजे बाबांचा जीव. घरात आम्ही माणसं होतो हे त्यांना मधूनमधून आठवायचं, ती जागा मात्र ते कधी विसरले नाहीत.

पत्त्यांचा डबा मुंबईहून यायचा. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आलं की बाबा कोट काढून मागच्या पडवीत बसायचे आणि पत्त्या निवडायचे. एकाच डब्यातल्या, एकाच नंबरच्या पत्त्या, पण दोन पत्त्या सारख्या निघत नाहीत. बाबा आधी पत्ती उन्हापुढे धरत. मध्ये जी सावली दिसते ती दोन्ही बाजूंना सारखी उतरते का ते बघत. मग नखावर टोक दाबून बघत. मग बशीतल्या पाण्यात भिजवत, थोडा वेळ जिभेखाली ठेवत, बांधत आणि वाजवून बघत. एक खालचा सूर, एक वरचा. माझी आई नालासोपाऱ्याच्या बाजारात सुकी मासळी विकायची. ती पडवीतून जाता-येता म्हणायची, एवढी पारख तर मी बोंबलाचीपन करत नाय, आनि बोंबील निदान खाता येतो.

ह्या निवडीत माझं काम होतं ते ऐकायचं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. बाबांची सक्तीच होती तशी. समोर बघितलंस तर माझं तोंड बघून सांगशील, मला कान पायजे, असं ते म्हणायचे. ते सूर लावणार आणि मी दोनपैकी एक शब्द बोलणार. ठेव, नाहीतर फेक. बापाला अरेतुरे करायची आमच्या घरात चालच होती, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं. पण उत्तर ताबडतोब द्यावं लागे. मी जरा घुटमळले की पाठीमागे कट् असा आवाज यायचा. बाबांनी अंगठ्यानं पत्तीचं टोक मोडलेलं असायचं. ‘इचार करावा लागला म्हंजे ती पत्तीच नाय,’ हा त्यांचा कायदा. मी गप्प राहिले तर ते फेक असंच धरायचे.

माझा कान तयार होता. हे मी विनय-बिनय बाजूला ठेवून सांगते, कारण त्या पडवीत विनयाची कोणाला गरज नव्हती. कोणती पत्ती पहिल्या दिवशी गोड वाजून तिसऱ्या दिवशी मरणार, कोणती आज किंचाळते पण लग्नसराईत सोनं होणार, हे मला भिंतीवरच्या पोपड्यांकडे बघत कळायचं. बाबांनी मला एकदाही शाबास म्हटलं नाही. चुकले की मात्र डोक्यात टपली. एकदा, मी दहावीला होते तेव्हा, मी म्हटलं की मला एकदा फुंकून बघू दे. बाबांनी पत्ती माझ्या हातातून काढून घेतली आणि आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले की बाईच्या ओठावर वण पडला तर लोक सॅक्सोफोनचा वण म्हणत नाहीत. मी पुन्हा कधी विचारलं नाही, पण ते वाक्य माझ्या पोटात मुरत राहिलं.

नव्वद सालानंतर गावाभोवती इमारती उठल्या. नालासोपारा भरला, आचोळे भरलं, आणि नवीन आलेल्या लोकांच्या लग्नांना आमच्या बँडला बोलावणी येऊ लागली. बाबांची तर चंगळ झाली. कारखान्यातून येऊन तोंड धुतलं की युनिफॉर्म चढवायचा आणि निघायचं. मोत्यासारखे सूर काढायचे. एक खोटं मी बोलणार नाही, माझा बाप वाजवायचा फार चांगला. वाईट माणसं वाईट वाजवत असती तर जगात न्याय आहे असं म्हणता आलं असतं.

मग बाबांचे दात गेले. हिरड्या सुजल्या, एकेक दात हलायला लागला, आणि शेवटी वरचे सगळे काढून कवळी बसवावी लागली. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आले तर दात नाहीत, असं आई म्हणाली आणि त्या दिवशी ताटली भिंतीवर आपटली गेली. सॅक्सोफोनला वरचे दात नळीवर टेकवायचे असतात आणि खालचा ओठ पत्तीखाली उशीसारखा धरायचा असतो. कवळी टेकवली की सरकायची. कडक पत्ती दाबून धरायला जोर लावावा तर कवळी टाळूत रुतायची. तीन नंबरच्या पत्तीतून आता आधी वारा यायचा आणि मागून सूर, तोही धापा टाकत.

कवळी बसल्यानंतरच्या एका रविवारी मी भिंतीकडे तोंड करून डब्यातली प्रत्येक पत्ती फेक म्हटलं. एकही ठेवली नाही. डबा संपला. बाबा म्हणाले, सगळा डबाच खराब लागला. मी म्हटलं, डबा चांगला आहे. भिंतीकडे तोंड असल्यामुळे मला टपली येताना दिसली नाही. कपाळ भिंतीवर आपटलं.

पुढच्या वेळी त्यांनी मला भिंतीकडे उभं केलं नाही. समोर बसवलं. हातात ब्लेड आणि अगदी बारीक पॉलिश पेपर दिला आणि सांगितलं, घास. तीन नंबरच्या पत्तीचं पोट घासून पातळ करायचं, म्हणजे ती दोन नंबरसारखी मऊ वाजेल आणि पाठीवरचा तीनचा आकडा तसाच राहील. त्यांचे स्वतःचे हात लेथवर लोखंड कातून जड झाले होते. दोन पत्त्या त्यांनी फाडल्या होत्या. माझा हात हलका. मी म्हटलं, सरळ दोन नंबरचा डबा आणू या, घरच्या घरी कोण बघतंय? बाबा माझ्याकडे बघतच राहिले. दोन नंबरची पत्ती आपल्या घरात यावी, ही कल्पनाच त्यांना शिवीसारखी लागली. बाहेर एक शब्द गेला तर जीभ हासडीन, एवढं ते म्हणाले.

मी घासल्या. वर्षभर घासल्या. एकाच जागी दोनदा ब्लेड गेलं की पत्ती बाद. टोकाला हात लागला की बाद. उन्हापुढे धरून सावली बघत, कधी डावीकडून केसभर, कधी उजवीकडून केसभर काढत मी बाबांची जागा शाबूत ठेवली. सूर बरा यायचा. पूर्वीसारखा नाही, घासलेल्या पत्तीत जीव कमीच असतो. पण रस्त्यावर, ताशाच्या गजरात, कोणाला कळणार होतं? बाबा पुढच्या रांगेत मास्तरांच्या उजव्या हाताला उभे राहत होते, आणि घरी आल्यावर माझ्याशी पूर्वीपेक्षाही कमी बोलत होते. आपलं गुपित ज्याच्या हातात आहे त्याचा माणसाला राग येतो, हे मी तेव्हा शिकले.

घासलेल्या पत्तीचा एक दोष असतो. ती लवकर भिजते, आणि भिजली की लोळागोळा होते. चर्चच्या लग्नात वरातीपुरतं वाजवायचं असतं तेव्हा निभावतं. पण जूचंद्रला एक हळद होती. हळदीत नाचणारे थकत नाहीत आणि बँडला थांबू देत नाहीत. बाबांनी नेलेल्या पत्त्या एकामागून एक बसल्या. शेवटची तर मधोमध चिरली. शेजारी पुढच्याच रांगेतला दुसरा सॅक्सोफोनवाला होता, पाचूबंदरचा, तरुण, छातीचा भाता असलेला. त्यानं आपल्या खिशातली नवी तीन नंबरची पत्ती काढून बाबांना दिली. बाबांनी ती बांधली, फुंकली, आणि नुसता वारा निघाला. नाचणारे थांबले नाहीत. पण मास्तरांनी ट्रम्पेट खाली न घेता मान वळवून बघितलं. हे सगळं मला नंतर कळलं, त्या पाचूबंदरवाल्याच्या बहिणीकडून. बाबांनी घरी येऊन सांगितलं ते एवढंच की जूचंद्रचे लोक वेड्यासारखे नाचतात आणि त्यांना संगीताची अक्कल नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे वाजवणाऱ्यानं अंगणातल्या माणसांनाच वाकडं ठरवलं.

पुढची तालीम चर्चमागच्या शाळेच्या वर्गात होती. गावच्या सणाची तालीम. सणाला चर्चच्या दारात एकट्या सॅक्सोफोनचा एक तुकडा असायचा आणि तो पुढच्या रांगेतला पहिला वाजवायचा, म्हणजे बाबा. तालमीला चहा एकेका घरातून जायचा. त्या दिवशी आमची पाळी होती, म्हणून किटली आणि कप घेऊन मी गेले होते. मी कपांत चहा ओतत असताना मास्तर उठले, बाकावर ठेवलेला बाबांचा सॅक्सोफोन त्यांनी उचलला आणि पत्ती सोडवून खिडकीपुढे धरली. सगळं ऊन तिच्यातून आरपार आलं. तीन नंबरच्या पत्तीतून एवढं ऊन येत नाही, हे त्या वर्गातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मास्तरांनी ती उलटी करून पाठीवरचा तीनचा आकडा सगळ्यांना दाखवला. मग पुन्हा उन्हात धरली.

‘ही कोनी घासली?’ त्यांनी विचारलं.

बाबांच्या हातात मीच दिलेला चहाचा कप होता. त्यांनी तो खाली ठेवला नाही. त्याच हातानं, कपासकट, माझ्याकडे दाखवलं.

‘हिनं,’ बाबा म्हणाले. ‘मला न इचारता.’

वर्षभर माझी बोटं त्या पॉलिश पेपरनं सोलवटली होती. सकाळी पेन धरताना झोंबायची. मी किटली टेबलावर ठेवली. कोणी माझ्याकडे बघत होतं, कोणी बाबांकडे. मास्तर हसले. त्यांना ते खरं वाटलं नव्हतं, कोणालाच वाटलं नव्हतं. पण मास्तरांना खऱ्या-खोट्याचं काही पडलेलं नव्हतं, त्यांना मजा सापडली होती.

ते म्हणाले की पोरीनं वाटोळं केलंय तर पोरगीच निस्तरेल. हिचा कान पक्का आहे, हे तर गावाला माहीत आहे, घरी हीच निवडते ना? मग त्यांनी नवा डबा फोडला, तीन नंबरचा, आणि एक पत्ती बाबांना दिली, एक पाचूबंदरवाल्याला. घरची पत्ती चालणार नाही. ब्लेड नाही, पेपर नाही. जो चांगला वाजवेल तो सणाला दारात वाजवेल. आणि निवाडा ही करील, घरी करते तसाच, भिंतीकडे तोंड करून.

पाचूबंदरवाला कसनुसा झाला. तो म्हणाला, मास्तर, राहू दे. पण बाकीच्यांनी बाक मागे सरकवले होते. माणसं एरवी बाक सरकवायला आढेवेढे घेतात, तमाशा असला की आपोआप सरकवतात. बाबा म्हणाले, होऊन जाऊ दे. त्यांचा आवाज शांत होता. ते शांत का होते, हे मला भिंतीकडे वळता वळता समजलं. माझी पोरगी आहे, माझा सूर ओळखते, आपल्या बापाला ही फेक म्हणणार नाही, असा त्यांना भरवसा होता. नुकताच सगळ्यांसमोर माझ्यावर आळ घेऊनही त्यांना हा भरवसा होता.

भिंतीवर फळा होता. कोणीतरी वजाबाकीचं गणित अर्धवट पुसलेलं होतं. मी त्याकडे बघत उभी राहिले.

पहिला वाजवणारा कोण, हे सांगायची गरज नव्हती. श्वास घेतानाच कळलं. बाबा श्वास घेण्याआधी ओठ चाटतात. मग वारा आला, मग सूर, मग सूर फाटला. त्यांनी पुन्हा धरला. वरच्या सुराला गेले आणि तो किंचाळला, आणि त्या किंचाळण्यात कवळी नळीवर आपटल्याचा टक् असा आवाज आला. कोणीतरी नाकातून हसलं. बाबा थांबले नाहीत. तो तुकडा त्यांनी शेवटपर्यंत ओढला. दुसरा वाजवू लागला तेव्हा सूर सरळ आला, भरलेला, थोडा उद्धट. मुद्दाम वाईट वाजवायचा विचार त्याच्या मनात आला असेल तर तो त्याला जमला नाही.

‘पयली की दुसरी?’ मास्तरांनी विचारलं.

घुटमळायचं नाही, हा कायदा मला पाठ होता.

‘पहिली फेक,’ मी म्हणाले.

मला राग आला होता म्हणून मी तसं म्हणाले, असं गावात पुढे बोललं गेलं. राग आला होताच. पण सूरही फुटका होता. राग नसता तरी तो फुटकाच राहिला असता, फक्त मग मी खोटं बोलले असते. वर्षभर हातानं खोटं बोलत होते, तोंडानं आणखी एक बोलायला मला काही जड नव्हतं. ते खोटं बाबांनी स्वतःच्या हातानं, चहाच्या कपासकट, घालवलं.

मी वळले तेव्हा बाबांच्या खालच्या ओठावर रक्त होतं. नवी पत्ती दाबून धरताना चावला गेला होता. त्यांनी ते चाटलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि उभे राहून ते दोन शब्द म्हणाले. मी उतरलो. टाळ्या पडल्या. मास्तरांनी सगळ्यांत जास्त वेळ वाजवल्या. बाबांनी स्वतःची खुर्ची उचलली आणि मागे ड्रमशेजारी नेऊन ठेवली. मला वाटलं होतं ते त्या म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्यासारखे बँड सोडतील. नाही सोडला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत. सणाला चर्चच्या दारात पाचूबंदरवाला एकटा वाजवत होता आणि बाबा सगळ्यांत मागे, सॅक्सोफोन गळ्यात अडकवून, ड्रमवाल्याच्या कोपराला जागा देत उभे होते.

घरात मला काही शिक्षा झाली नाही. मला कामावरून काढून टाकलं, एवढंच. रविवारी बाबा पडवीत बसायचे, आता दोन नंबरचा डबा घेऊन, आणि मधलं दार आतून लोटून घ्यायचे. मला हाक मारत नसत. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत असायची आणि दाराआडून सूर यायचे. एक खालचा, एक वरचा. माझ्या तोंडात शब्द आपोआप यायचा, ठेव, फेक, आणि मी तो गिळायची. आई म्हणायची, जा, बस त्याच्याजवळ, बाप हाय. मी म्हणायची, बोलवू दे. बोलावणं आलं नाही. जेवताना मीठ हवं असलं तरी ते आईकडे मागायचे, मिठाची बरणी माझ्यासमोर असली तरी.

दिवस गेले तसं मला दाराआडून एक कळायला लागलं. बाबांचा सूर बदलत होता. मऊ पत्तीला जोर लावावा लागत नाही. कवळी सरकत नव्हती, ओठ सैल सुटला होता, आणि आयुष्यभर दम दाखवण्यात गेलेला माणूस पहिल्यांदाच नुसता वाजवत होता. ड्रमच्या शेजारी ते कोणाला ऐकू येत नव्हतं. फक्त मला ऐकू येत होतं, आणि मला कोणी विचारत नव्हतं.

माझं लग्न ठरलं, त्यालाही बँड आमचाच. दुसऱ्या गावचा बँड आणला असता तर आमच्या गावानं आम्हाला वाळीत टाकलं असतं. सकाळी मांडवातून नवरी चर्चला निघते तेव्हा एक संथ तुकडा वाजवतात, घरच्या बायका रडतात तो. नवरीचा बाप तेव्हा नुसता उभा असतो, मग तो तिचा हात धरून तिला नेतो. बाबांनी लग्नाच्या सुटावर सॅक्सोफोन अडकवला. मास्तरांना उदारपणाचा झटका आला. ते म्हणाले, आज पुढं ये, पोरीचं लगीन हाय. बाबा म्हणाले, माझी जागा मागं हाय. आणि मागेच जाऊन उभे राहिले.

तुकडा सुरू झाला. पहिल्या वळणावर ड्रमवाला थांबला. ते ठरवून होतं की त्याला वाईट वाटलं, मला माहीत नाही. पाचूबंदरवाल्यानंही आपला सूर हळू केला. आणि मागून बाबांचा सॅक्सोफोन आला. मी तो आवाज कसा सांगू? घासलेल्या पत्तीचा नव्हता. तीन नंबरच्या काळातला, छाती काढून आलेलाही नव्हता. आई पहाटे चुलीपाशी बसून आपल्याशीच काहीतरी गुणगुणायची तसा होता, कोणासाठी नसलेला. मी माझ्या जन्मात बाबांचा एवढा चांगला सूर ऐकला नव्हता. मांडवातल्या बायका रडत होत्या, त्या मला निरोप देताना रडत होत्या. मी त्या सुरासाठी रडत होते.

तुकडा संपला. बाबा माणसांतून वाट काढत माझ्यापाशी आले. मला न्यायची वेळ झाली होती. पण त्यांनी आधी पत्ती सोडवली आणि माझ्यापुढे धरली. ओली होती, पाठीवर दोनचा आकडा होता. त्यांनी काही विचारलं नाही. दोन वर्षं ज्यांनी माझ्याकडे मीठसुद्धा मागितलं नव्हतं, ते पत्ती हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

शब्द तोंडात तयार होता. पण मला वाटलं, थांब. त्यांनाही जरा ताटकळू दे. फार नाही, एक श्वासभर. त्या भिंतीची, त्या कपाची, त्या मिठाची एवढी तरी वसुली असू दे. मी नवरीच्या जाळीआडून त्यांच्याकडे बघत राहिले.

कट् आवाज आला.

मोडलेलं टोक त्यांनी मांडवाबाहेर टाकलं आणि उरलेली काडी कोटाच्या खिशात घातली. चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं. कायदा त्यांचाच होता. मग त्याच हातानं त्यांनी माझा कोपर धरला आणि आम्ही चालू लागलो. बँड पुढे झाला.

वाटेतल्या क्रुसापाशी आल्यावर मी म्हणाले, ‘ठेव.’

ट्रम्पेट वाजत होतं. बाबांनी कान माझ्याजवळ आणला आणि विचारलं, ‘काय?’

‘काही नाही,’ मी म्हटलं, ‘गाऊन पायात येतोय.’

मग ते माझ्यासाठी हळू चालले, चर्चच्या पायरीपर्यंत.